पुस्तक परीक्षण: सगळ्या प्रकारांना एकच फूटपट्टी कशाला?

दौत-टाक

पुस्तकांवर लिहिणारे वाढलेत, उत्तम आहे. पण नव्वद टक्के परीक्षणांचा साचा एकच. सुरुवातीला लेखकाची ओळख, मग पाच-सहा परिच्छेद कथानक, शेवटी 'भाषा ओघवती, मुखपृष्ठ समर्पक, संग्रही ठेवावं असं पुस्तक'. हा साचा कादंबरीवर चढवा, कवितासंग्रहावर चढवा, पाककृतींच्या पुस्तकावर चढवा, कुठेही बसतो. याचाच अर्थ त्यातून कुठल्याच पुस्तकाबद्दल काही कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच की पुस्तक हातात घेतलं की आधी ठरवावं, या प्रकारच्या पुस्तकाने वाचकाला काय कबूल केलेलं असतं? रहस्यकथा कोडं आणि त्याची प्रामाणिक उकल कबूल करते. पाककृतींचं पुस्तक कबूल करतं की सांगितलंय तसं केलं तर पदार्थ जमेल. ती कबुली पाळली गेली का, कुठल्या पानावर पाळली आणि कुठल्या पानावर मोडली, हे सांगणं म्हणजे परीक्षण. बाकीची सजावट आहे.

प्रकार कुठलाही असो, थोडी तयारी सामाईक असते. ती इथेच सांगून टाकतो.

शीर्षकपानाच्या मागचा तपशील आधी वाचा. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक आहे. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो, सुधारित आवृत्तीत बदललेला असू शकतो. हा किस पाडणं नाही. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घ्या. १८५७च्या धामधुमीतलं हे प्रवासवर्णन १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापलं, पण भाषेवर हात फिरवून आणि मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केली. आता कोणी १९०७च्या संहितेवरून छापलेली प्रत वाचून 'गोडसे भटजींची सहजसुंदर शैली' असं लिहिलं, तर ते कौतुक अर्धंमुर्धं वैद्यांच्या वाट्याला जातं! जुन्या पुस्तकाची पहिली आवृत्ती कधीची हे शोधायचं असेल तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहावी. तिच्यात १८०० ते १९५० पर्यंतची मराठी पुस्तकं आहेत.

वाचताना खुणा चारच ठेवा. उद्धृत करण्याजोग्या ओळीला समासात उभी रेघ, तपासायच्या गोष्टीला प्रश्नचिन्ह, विसंगतीला फुली, आणि आधीच्या एखाद्या जागेशी नातं जुळत असेल तर समासात त्या जागेचा पान क्रमांक. प्रत वाचनालयाची असेल तर पेन्सिलही नको, कागदाचे कपटे घाला आणि नोंदी वहीत करा. तीनशे पानांच्या पुस्तकात पंचवीस-तीस खुणा पुरतात. शंभर झाल्या तर तुम्ही निवड करत नाही आहात, नुसत्या रेघा ओढताय.

लिहिताना ९०० शब्दांच्या लेखात कथानकाला १८० च्या वर शब्द देऊ नका. पहिल्या खर्ड्यात प्रत्येक मतापुढे कंसात पान क्रमांक टाका. ज्या मताला पान सापडत नाही ते मत बहुधा मलपृष्ठावरच्या मजकुरातून आलेलं असतं.

आता जे जे प्रकार नेटाने वाचतात त्यांनी आपापल्या प्रकाराचं लिहावं. ऐतिहासिक कादंबरीवर मोडीवाला यांनी लिहावंच ही विनंती.

---

मोडीवाला

आग्रह झालाच आहे तर लिहितो.

ऐतिहासिक कादंबरीबद्दल दोन टोकाची परीक्षणं येतात. एक 'इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो' आणि दुसरं 'इतिहासाची मोडतोड'. दोन्हींत पुरावा नसतो. माझा नियम साधा आहे. साधनं जिथे गप्प आहेत तिथे कादंबरीकाराला पूर्ण मोकळीक. साधनं जिथे बोलतात तिथे विरोधात जायचं असेल तर कथेत त्याचं कारण दिसलं पाहिजे.

तपासायला सोप्या जागा सांगतो.

तारखा. इसवी सन काढायला शकात चैत्र ते साधारण पौषापर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुनअखेरीपर्यंत ७९. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, इथे ७९च मिळवावे लागतात. शिवाय ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे, ग्रेगोरियन पद्धतीने त्या दिवशी १ मार्च येतो. पोर्तुगिजांनी नवी पद्धत १५८२ मध्येच घेतली, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे सतराव्या शतकात एकाच दिवशी गोव्यातून निघालेलं पोर्तुगीज पत्र आणि सुरतेहून निघालेलं इंग्रज पत्र यांच्या तारखांत दहा दिवसांचा फरक असतो. कादंबरीत दोन्ही पत्रं येत असतील तर लेखकाने हे सांभाळलंय का बघा. खबर घटनेच्या आधीच पोचते असे प्रसंग इथेच तयार होतात.

वेळ. घटका म्हणजे २४ मिनिटं, प्रहर म्हणजे तीन तास. अठराव्या शतकातला शिलेदार 'पाच मिनिटांत निघू' म्हणाला की फुली.

ताट. मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. देवगिरीच्या यादवांच्या पंगतीत हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला असेल तर लेखकाने दोनशे वर्षांची उडी मारली. बटाटाही त्याच वाटेचा, आणि तो घरोघरी रुळला त्याहून खूप उशिरा.

शब्द. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. आंतरजालावर शोधता येतो. संशय येईल तो शब्द त्यात पाहा. नाही सापडला म्हणून शब्द तेव्हा नव्हताच असं म्हणता येत नाही, पण विचारायला जागा होते.

आधार. शेवटी संदर्भसूची असेल तर तिच्यातली साधनं कधीची ते बघा. सभासदाची बखर राजारामाच्या काळात जिंजीला लिहिली गेली, लिहिणाऱ्याने शिवकाळ पाहिलेला होता. मल्हार रामराव चिटणीसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे घटनांनंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी. कादंबरीतले सगळे रंगतदार प्रसंग दुसरीतून उचललेले असतील तर ते परीक्षणात सांगा. रंगत कमी होत नाही, वाचकाला फक्त कळतं की तो काय वाचतोय.

एक मात्र आहे. सापडलेल्या सगळ्या चुकांची यादी छापू नये. जिच्यामुळे कथेचं वळण ढासळतं तीच चूक सांगावी. ठेच्याने कादंबरी पडत नाही.

---

अनुस्वार

माफ करा, पण हा वाचनानंद आहे की पंचनामा? माणूस झोपण्याआधी चार पानं वाचतो ती विसावा म्हणून. समासात फुल्या मारत आणि शकात ७९ मिळवत कोण वाचणार?

---

दौत-टाक

@अनुस्वार, वाचणाऱ्याने काहीच करू नये, खुशाल लोळत वाचावं. हे लिहिणाऱ्यासाठी आहे. चारशे-पाचशे रुपयांचं पुस्तक घ्यावं की नाही हे लोक आपल्या लेखावरून ठरवतात, तेव्हा पंचनाम्याची थोडी तोशीस आपण घ्यावी. शिवाय पहिलं वाचन मोकळं, दुसरं खुणांचं, असं करता येतं. छोट्या पुस्तकाला ते जमतंच. सातशे पानी कादंबरी दोनदा वाचायला मीही सांगणार नाही.

---

रात्रपाळी

रहस्यकथेला मात्र दुसरं वाचन सक्तीचं. उकल कळल्यावर पहिल्या पानापासून पुन्हा चाळायचं आणि प्रत्येक धागादोरा कुठल्या पानावर पेरलाय ते लिहून काढायचं. अडीचशे पानी पुस्तकात महत्त्वाचे सगळे दुवे पान २००च्या आधी आलेले असावेत. उकलीच्या प्रकरणातच पहिल्यांदा 'त्या दिवशी मला त्याच्या बुटावर लाल माती दिसली होती' असं गुप्तहेर सांगत असेल तर ती फसवणूक. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली रहस्यकथाकारांसाठी दहा नियम लिहिले होते, त्यात गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही हा एक होताच.

पण हा निकष सगळ्यांना लावू नका. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार किंवा काळापहाडाच्या कथांची कबुलीच वेगळी आहे. तिथे कोडं दुय्यम, वेग आणि वेषांतर मुख्य. त्यांना 'दुवे नीट पेरले नाहीत' म्हणणं म्हणजे तमाशाला जाऊन कीर्तन नव्हतं अशी तक्रार करणं. तिथे विचारायचं ते हे, की प्रकरण संपताना पान उलटावंसं वाटतं का, आणि वीस पानांत किती वेळा जागा बदलते.

रहस्यभेद टाळायचा म्हणजे काय, याचा ढोबळ हिशेब: पहिल्या पाव भागातलं सगळं सांगता येतं, पुढच्या पाव भागातली परिस्थिती सांगा पण परिणाम नको, उरलेल्या अर्ध्याबद्दल फक्त बांधणीवर बोला. आणि 'शेवटी असा धक्का बसतो की बस्स' हेसुद्धा लिहू नये. धक्का आहे म्हटलं की वाचक सगळ्यात सभ्य पात्रावर संशय घेऊनच सुरुवात करतो.

---

पिंपळपार

वाचनखूण साठवली. कवितेचं कोणीतरी लिहा हो. कवितासंग्रहाच्या परीक्षणात 'तरल', 'हळुवार', 'अंतर्मुख करणारी' याच्यापलीकडे काही सापडतच नाही.

---

लघुगुरू

घ्या.

आधी संग्रहाची मोजणी. ६०-७० कवितांच्या संग्रहात वृत्तबद्ध किती, मुक्तछंदातल्या किती, गझला किती हे मांडून घ्या. मग प्रतिमांची. पाऊस, चांदणं, 'ती', वेदना यांतली कुठली किती कवितांत येते? चाळीस कवितांत पाऊस असेल तर चाळिसावा पाऊस पहिल्याहून वेगळा पडतो का, हे बघायचं.

वृत्त तपासायला कान हवाच, पण मोजताही येतं. भुजंगप्रयात घ्या, 'मनाचे श्लोक' ज्या वृत्तात आहेत ते. एका चरणात बारा अक्षरं, लघु-गुरू-गुरू (म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ-दीर्घ उच्चाराचे) असे चार गट. समजा ओळ अशी आहे:

मनाच्या तळाशी जुने गाव आहे

मनाच्या, तळाशी, जुनेगा, वआहे. चारही गट चोख. आता कवीने 'जुने' काढून लिहिलं:

मनाच्या तळाशी एक गाव आहे

अक्षरं बाराच, पण सातव्या जागी लघु हवा तिथे 'ए' आला, आठव्या जागी गुरू हवा तिथे 'क'. ओळ तिथे लंगडते. म्हणून नुसती अक्षरं मोजून 'वृत्त निर्दोष' लिहू नये. जोडाक्षराआधीचं अक्षर आघात असेल तरच गुरू होतं. 'तुझ्या'मधला 'तु' लघुच राहतो, 'सत्य'मधला 'स' गुरू होतो. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मे वाद मिटतात.

मोठ्या अभंगाचं माप ६-६-६-४ आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. हल्ली 'अभंग' म्हणून छापलेल्या बऱ्याच रचना पाच-सात अक्षरांत हेलकावे खातात. ते मुद्दाम केलंय की जमलं नाही, हे तीन-चार रचना पाहिल्या की कळतं. मुद्दाम असेल तर बिघाडाचीही एक पद्धत दिसते.

गझलेत मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, ठरलेली अलामत (यमकाआधीचा ठरलेला स्वर) शेवटपर्यंत टिकते का आणि प्रत्येक शेर सुटा उभा राहतो का, हे बघा. सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' हाताशी असली की झालं.

मुक्तछंदाला एकच कसोटी मी मानतो. कविता सलग गद्यासारखी लिहून काढा. काहीच हरवलं नाही तर ओळी तोडणं ही निव्वळ छपाई होती. श्वास बदलला, अर्थ दुसरीकडे झुकला, तर ओळ तोडायला कारण होतं. परीक्षणात अशी एक जागा दाखवलीत तरी 'तरल'ची गरज पडणार नाही.

---

खलबत्ता

पाककृतींच्या पुस्तकांचा उल्लेख धाग्याच्या सुरुवातीला आला म्हणून हायसं वाटलं, कारण त्यांचं परीक्षण म्हणजे बहुतेक वेळा छायाचित्रांचं कौतुक असतं. रांधल्याशिवाय लिहू नये, हा पहिला नियम. किमान तीन पदार्थ: एक रोजचा, ज्याची चव तोंडात बसली आहे. एक नाजूक, जो बिघडायला टपलेला असतो. आणि एक आपल्या भागात होत नाही असा. पहिल्या खेपेला पुस्तकातलं माप तंतोतंत, 'आमच्याकडे असं घालतात' अजिबात नाही.

मापाचं बघा. १९७०च्या 'रुचिरा'ने वाट्या-चमच्यांत माप देऊन अंदाजपंचे स्वयंपाकाला शिस्त लावली, त्याचं श्रेय कमलाबाई ओगल्यांना आहेच. वाटी वापरण्यात चूक काही नाही, फक्त सगळं वाटीतच हवं. सगळं वाटीत असेल तर प्रमाण टिकतं, वाटी लहान असो की मोठी. घोळ होतो तो मिश्र मापात. 'पाव किलो डाळ, दीड वाटी चिरलेला गूळ' असं लिहिलं आणि वाटी सांगितली नाही, तर १५० मिलीच्या वाटीने गूळ २२५ मिली पडतो, २०० मिलीच्या वाटीने ३००. तिसऱ्या हिश्श्याने गूळ वाढला की पुरण सैल होतं आणि पोळी लाटताना फुटते. लाटणारी स्वतःला दोष देते, चूक छापलेल्या ओळीत असते. अशी मिश्र मापं किती पदार्थांत आहेत ते मोजून लिहा.

नाजूक पदार्थ म्हणून मी अनारसे सुचवीन. पुस्तकाचा कस लागतो. तांदूळ तीन दिवस भिजवायचे हे सगळीकडे असतं. पाणी रोज बदलायचं हे बहुतेक ठिकाणी असतं. पण तांदूळ निथळून पूर्ण कोरडे न करता ओलसर असतानाच कुटायचे-दळायचे, गूळ घालून गोळा चार-पाच दिवस मुरू द्यायचा, खसखशीवर थापून खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत तळायचा, यातली एक पायरी गाळली तरी घोटाळा. आणि मुख्य म्हणजे अनारसा हसला तर काय? कढईत पसरून त्याचा भुगा झाला की कारणं ठरलेली असतात, गूळ जास्त, पीठ फार ओलं किंवा तूप पुरेसं तापलेलं नाही. पहिल्या दोन्हींवर उपाय म्हणजे थोडं कोरडं तांदळाचं पीठ मळून एक अनारसा तळून पाहणं. म्हणून पीठ दळतानाच मूठभर बाजूला ठेवा असं जे पुस्तक सांगतं ते स्वयंपाकघरात लिहिलेलं. जे सांगत नाही ते टेबलावर.

'चवीपुरतं मीठ' आमटीला चालेल. लोणच्याला नाही. तिथे मीठ चवीला नसतं, टिकायला असतं. लोणच्याच्या कृतीत मिठाचं माप नसेल तर तेवढ्यावरून पुस्तकाचे गुण कापा.

आणखी एक जलद तपासणी. साहित्याच्या यादीतला प्रत्येक जिन्नस कृतीत वापरलाय का, पाच पदार्थ उघडून बोट फिरवत बघा. यादीत जायफळ आहे आणि कृतीत कुठेच नाही, असं सर्रास होतं. संपादन झालंय की नाही ते इथे दोन मिनिटांत कळतं.

---

पिंपळपार

मुठीचा नियम आजच आईला वाचून दाखवते.

---

पाणवठा

आत्मकथनांबद्दल, कारण तिथे परीक्षकच जास्त घसरतात.

दलित आत्मकथनांवरच्या परीक्षणांत 'अंगावर काटा येतो', 'दाहक वास्तव' याच्यापुढे गाडी जात नाही. हा सन्मान वाटतो, पण प्रत्यक्षात लेखकाची कारागिरी नाकारणं आहे. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग, एक सांगणारा, एक ऐकणारा. हा रचनेचा निर्णय आहे, आपोआप घडलेला नाही. परीक्षणात त्याच्यावर परिच्छेद नसेल तर पुस्तक पाहिलं, वाचलं नाही असं मी म्हणेन. बेबी कांबळे यांच्या पुस्तकाचं नावच 'जिणं आमुचं' आहे, माझं नव्हे. तिथे 'मी' कमी आणि वस्ती जास्त का, हा पहिला प्रश्न व्हायला हवा.

कुठल्याही आत्मचरित्राला विचारण्यासारखं: घटना आणि लेखन यांत किती वर्षांचं अंतर? संवाद अवतरणात दिलेत, ते चाळीस वर्षांनी शब्दशः आठवणार का, आणि लेखकाने त्याबद्दल काही म्हटलंय का? कुठली वर्षं दोन ओळींत उडवली? पन्नास पानं शाळेला आणि दीड पान लग्नाला, ही विभागणीच बोलते. लेखक निवर्तल्यावर पुस्तक पुरं झालं असेल तर कुठपासून हात बदलला? 'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भाग लक्ष्मीबाई टिळकांच्या पश्चात देवदत्त टिळकांनी पूर्ण केला, आणि त्याच्या संक्षिप्त आवृत्त्याही मिळतात. कुठली वाचली ते लिहा.

पुढारी, नट, उद्योजक यांच्या आत्मचरित्रांत आतल्या पानावर बारीक अक्षरांत 'शब्दांकन' शोधा. सापडलं तर शैलीचं श्रेय योग्य माणसाला द्या.

---

दुभाषी

अनुवादाचं थोडक्यात.

मूळ भाषेतून थेट की इंग्रजीमार्गे? उमा कुलकर्णींनी भैरप्पांच्या कादंबऱ्या कन्नडमधून थेट आणल्या. लॅटिन अमेरिकन किंवा जपानी कादंबरी मराठीत येते ती बहुधा इंग्रजीवरून. त्यात कमीपणा नाही, पण पुस्तकात ते छापलेलं असावं आणि परीक्षणात यावं.

मूळ प्रत मिळत असेल तर तीन जागा ताडून पाहा: पहिलं पान, मधला एक लांब संवाद, शेवटचं पान. प्रकरणांची संख्या जुळते का तेही बघा, गुपचूप कात्री लागलेली असते. मूळ भाषा येत नसेल तर संवाद मोठ्याने वाचा. 'ते करण्यात तो यशस्वी झाला', 'तिने एक नजर टाकली जी थंड होती' अशी वाक्यं दर पानाला दोन-तीन भेटली तर नोंद घ्या. पात्रं एकमेकांना तू म्हणतात की तुम्ही, आणि ते मध्येच कारण नसताना बदलतं का? अनुवाद अनेकांनी मिळून केलेला असला की हे हमखास होतं, प्रकरण सहामध्ये सासूला 'अहो' आणि प्रकरण नऊमध्ये 'अगं'.

आणि कृपा करून अनुवादकाचं नाव पहिल्या परिच्छेदात घ्या. 'अनुवादही सरस झाला आहे' ही शेवटची ओळ आता पुरे.

---

चौथीसीट

विज्ञानकथा राहिली. जयंत विष्णू नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून. परीक्षण लिहिणाऱ्यांनीही लेखकाचं नाव झाकून एक प्रकरण वाचून बघावं.

तपासणी: कथेत अशक्य गोष्ट शक्यतो एकच असावी, बाकी जग तिच्या परिणामांनी हललेलं दिसावं. दोन, अंतरं. सूर्याचा प्रकाश इथे यायला आठ मिनिटं वीस सेकंद, मंगळावर संदेश जायला स्थितीनुसार तीन ते बावीस मिनिटं. मंगळावरचा नायक पुण्याशी व्हिडिओ कॉलवर पटापट वाद घालत असेल तर लेखकाने त्याचं स्पष्टीकरण द्यायला हवं. तीन, माहितीचे ढेकूळ. प्राध्यापक पात्र सलग दोन पानं बोलत सुटलं की तिथे कथा थांबून निबंध सुरू झाला.

---

अनुस्वार

बरं, पटतंय हळूहळू. दोन शंका. एक, उतारे किती द्यायचे? कायद्याचं लफडं नको. दोन, लेखकाने प्रत भेट दिली असेल तर?

---

दौत-टाक

१९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ समीक्षेसाठी वाजवी वापराला परवानगी देतं. शब्दांचा आकडा कायद्यात नाही. गद्याच्या दोन-तीन उताऱ्यांत, प्रत्येकी चार-पाच ओळी आणि त्यावर तुमचं भाष्य असेल तर अडचण येऊ नये. भाष्य न करता पान पान टंकणं म्हणजे परीक्षण नव्हे. कवितेत जपा. आठ ओळींची कविता पूर्ण छापली की तुम्ही कवीचं सगळंच घेतलंत. दोन ओळी पुरतात.

लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं, त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजून, हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११च्या सुरुवातीपासून मुक्त. पण नव्या आवृत्तीतली नवी प्रस्तावना, चित्रं किंवा अनुवाद यांचे हक्क वेगळे असतात.

भेट प्रत असेल तर लेखाच्या सुरुवातीलाच एक वाक्य टाका, तळाला तारांकित टीप नको. ओळखीच्या लेखकाचं पुस्तक आवडलं नसेल तर दोनच रस्ते आहेत, पान क्रमांकांसह लिहा किंवा लिहूच नका. गुळमुळीत लिहिलेलं तिघांनाही कळतं: लेखकाला, वाचकाला आणि तुम्हाला.

---

रात्रपाळी

तारांकनाचं काय? पाचपैकी साडेतीन वगैरे.

---

खलबत्ता

प्रकाराच्या आत ठीक आहे. दहा पाककृतीच्या पुस्तकांत हे चार ताऱ्यांचं, याला काही अर्थ आहे. कादंबरीला चार आणि लोणच्याच्या पुस्तकाला साडेचार म्हणजे काय, हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

---

बाराखडी

बालसाहित्याला सगळे विसरलात. मोठ्यांना आवडलं म्हणून मुलांचं पुस्तक चांगलं ठरत नाही. वयोगट छापलेला असेल तर तो मजकुराशी जुळतो का बघा. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी पानावर वीस-पंचवीस शब्द, टंक मोठा, आणि पहिल्याच पानावर 'वात्सल्य', 'कृतज्ञता' असली जोडाक्षरं नकोत. मोठ्याने वाचा. एका श्वासात न संपणारं वाक्य मूल सोडून देतं. चित्र आणि मजकूर एकमेकांशी पटतात का? मजकुरात आजीची साडी हिरवी आणि चित्रात लाल असली तर मुलं ती चूक पहिल्या मिनिटात पकडतात. चित्रं नुसती मजकूर पुन्हा सांगतात की मजकुरात नसलेलं काही दाखवतात? पान उलटण्याच्या जागी उत्सुकता आहे का, की वाक्य अर्ध्यावरच तुटलंय? चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर आहे का तेही लिहा. नसेल तर प्रकाशकाला टोचा.

शिवणीवर पुस्तक पूर्ण उघडून बघा. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं असेल तर पंधरा दिवसांत पानं हातात येतात, आणि मुलांच्या पुस्तकात हा दोष लेखनाच्या दोषाइतकाच मोठा.

---

चौथीसीट

ऐकलेल्या पुस्तकांचं परीक्षण वेगळं लिहायचं का? हल्ली बरेच जण ऐकतातच.

---

दुभाषी

वेगळंच. पान क्रमांक नसतो, म्हणून नोंद वेळेची: प्रकरण आणि मिनिट. पहिलं एक प्रकरण मूळ वेगावर ऐका. दीडपट वेगावर ऐकून 'वाचून दाखवणाऱ्याला विराम घेता येत नाही' असं लिहिणं त्याच्यावर अन्याय आहे. संहिता पूर्ण की संक्षिप्त ते माहितीत पाहा. 'चमचा'तला आणि 'चहा'तला च वेगळा उच्चारलाय का, 'जग' आणि 'जन्म' यांतला ज? ग्रामीण संवाद बोलीत आहेत की नाटकी गावरान सुरात? तळटीपा, वंशावळी, नकाशे गाळलेत का? इतिहासाच्या पुस्तकात ते गाळले असतील तर तेवढं पुस्तक तुम्ही वाचलेलंच नाही, तसं स्पष्ट लिहा आणि छापील प्रत मागवा.